पडद्यावर ७८ किलोमीटर, कोल्हापूर ७२, तरी पोचलो नाही

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

नमस्कार. आमची इलेक्ट्रिक गाडी तीन वर्षांची आहे. ४० युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, ३४ हजार किलोमीटर झालेत. मी रोज कोथरूड ते खराडी जाते-येते. पुण्यात एका चार्जमध्ये २९० पर्यंत जाते, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होते.

मे महिन्यात चुलत नणंदेच्या लग्नाला कोल्हापूरला निघालो. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि डिकी भरून बॅगा. निघताना १०० टक्के, पडद्यावर २९१ किलोमीटर. रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता, नवरा १००-१०५ ने चालवत होता. साताऱ्याला ४७ टक्के. कराडला २७ टक्के, पडद्यावर ७८ किलोमीटर, कोल्हापूर ७२. चार्ज करून घेऊ असं मी म्हटलं, पण हळदीला उशीर होत होता. नेर्ल्याजवळ १७ टक्के होते, ते दोन-तीन किलोमीटरमध्ये एकदम ९ झाले. एसी बंद केला, ट्रकच्या मागे पन्नासने रखडत पेठ नाक्याला पोचलो. तिथे एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगला पाऊण तास गेला. सासूबाईंना उकाड्याने चक्कर आली. हळद चुकलीच.

नंतर सर्व्हिस सेंटरला दाखवलं. लॅपटॉप लावून दहा मिनिटांत ‘सगळं नॉर्मल आहे मॅडम’ म्हणाले. सासरे म्हणतात, डिझेल घ्या सांगत होतो. नवरा म्हणतो, बॅटरी गेली, विकून टाकू. मी गाडीला इतकं जपते: ८० टक्क्यांच्या वर चार्ज करत नाही, फास्ट चार्जिंग जवळपास नाहीच. लग्नाला जायचं म्हणून आदल्या रात्री १०० केली, पहाटे १०० दिसल्यावर लगेच प्लग काढला. मार्चमध्ये पुढचे दोन टायर बदलले, एवढंच काम निघालं. माझं काय चुकलं? गाडी विकावी का?

(कोथरूड, पुणे)


ताई, सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. गाडी विकू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बॅटरी गेली असं मला वाटत नाही. पण सर्व्हिस सेंटरचं ‘सगळं नॉर्मल’ हेही मला पटलेलं नाही, आणि तुम्हीही ते तोंडी उत्तर घेऊन गप्प बसू नका. पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक, २९० जाणारी गाडी दोनशेच्या आतच धापा टाकायला लागली. दुसरी, नेर्ल्याजवळ १७ चे ९ झाले. पहिलीचा हिशोब पैन् पै लागतो. दुसरीचा लागत नाही, आणि पाठपुरावा करायचा तो तिचाच.

पडद्यावरचे किलोमीटर गाडीने मोजलेले नसतात. बॅटरीत किती वीज उरली याचा अंदाज, आणि मागच्या काही प्रवासांत किलोमीटरला किती वीज लागली याची सरासरी, यांचा तो भागाकार. तुमच्या गाडीची सरासरी कुठे तयार झाली? कर्वे रोड, पुढे नगर रोड, तीस-चाळीसचा वेग, आणि प्रत्येक सिग्नलला वेग कमी करताना थोडी वीज परत बॅटरीत. कोल्हापूरच्या महामार्गाचं भाकीत गाडीने या रोजच्या सरासरीवरून केलं.

आता तुमचेच आकडे घ्या. ४० पैकी वापरायला ३८ युनिट मिळतात असं धरू. २९१ किलोमीटर म्हणजे शंभर किलोमीटरला १३ युनिट. कराडपर्यंत १६० किलोमीटर झाले आणि ७३ टक्के गेले, म्हणजे पावणेअठ्ठावीस युनिट. शंभरला सव्वासतरा. या दराने पूर्ण बॅटरीत २२० किलोमीटर होतात, आणि कोल्हापूर तुमच्या घरापासून २३० च्या आसपास. थोडक्यात, त्या वेगाने गाडी कोल्हापूरला पोचणार नाही हे कोथरूड सोडतानाच ठरलेलं होतं. कराडला उरलेले २७ टक्के म्हणजे सव्वादहा युनिट, सव्वासतराच्या दराने साठ किलोमीटरही नाहीत. पडदा ७८ म्हणत होता, कारण तो अजून कर्वे रोडच्या सरासरीवर होता. १६० किलोमीटर चालताना पडद्यावरचे २१३ उडाले, ही खूण त्याच्यासमोरच होती. पण बऱ्याच गाड्यांमध्ये ही सरासरी फार हळू सरकते.

म्हणून लांबच्या प्रवासात तो आकडा पाहायचाच नाही. निघताना ट्रिप मीटर शून्य करा. वीस-तीस किलोमीटर झाले की शंभर किलोमीटरला किती युनिट लागताहेत ते पाहा. किलोमीटरला किती वॅट-तास असं दाखवत असेल, तर त्याला दहाने भागलं की झालं. उरलेले टक्के आणि हा दर, एवढ्यावर सगळा हिशोब बसतो. शिरवळच्या आसपासच तुम्हाला कळलं असतं की आज मध्ये थांबावं लागणार.

विकताना सांगितलेला आकडा तर पडद्यापेक्षाही मोठा असतो. आपल्याकडची चाचणी, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, प्रयोगशाळेत रोलरवर होते. साडेदहा किलोमीटरचा ठरलेला क्रम, सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास, कमाल वेग ९० आणि तोही थोडाच वेळ. तुमच्या कोथरूडच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था आहे, तिच्या नावाने लोक याला ‘एआरएआय रेंज’ म्हणतात. चाचणी खोटी नाही. दोन गाड्यांची तुलना करायला ती उपयोगी आहे. पण तिच्यात खंबाटकी नाही, पाच माणसं नाहीत आणि मे महिनाही नाही.

मग शंभर किलोमीटरमागे जास्तीची चार-सव्वाचार युनिट गेली कुठे? बहुतेक सगळी वेगात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग ८० वरून १०० केला की वेग सव्वापट होतो, पण हवा कापायला किलोमीटरमागे लागणारी वीज दीडपटीहून जास्त. तुमच्या गाडीएवढ्या, उंच बांध्याच्या गाडीला भर माणसं आणि एसी धरून सपाट रस्त्यावर ८० ने शंभर किलोमीटरला साधारण १४ युनिट लागतात. १०० ने १८ आणि १२० ने २३ च्या घरात. ३८ युनिटमध्ये हे अनुक्रमे २७०, २१० आणि १६५ किलोमीटर झाले. समृद्धी महामार्गावर १२० ची परवानगी आहे म्हणून पहिल्यांदा इलेक्ट्रिक गाडी घेऊन नागपूरला निघालेल्या मंडळींना जो धक्का बसतो, तो हाच.

इथे सासऱ्यांना एक गोष्ट शांतपणे सांगता येईल. डिझेल गाडीचंही १०० च्या पुढे ॲव्हरेज पडतं, कारण हवा दोघींना सारखीच आडवी येते. फक्त टाकी मोठी असते आणि पंप दर काही किलोमीटरवर असतो, त्यामुळे ते जाणवत नाही. त्यांचं म्हणणं एका बाबतीत खरं आहे: आयत्या वेळी, घाईत, न ठरवता लांब जायचं असेल तर आज तरी डिझेल गाडी सोपी पडते. हे मान्य करून बोललात तर घरातलं बोलणं पुढे सरकेल.

लोक घाटाला फार दोष देतात. घाटाचा हिशोब मात्र सरळ आहे. पाच माणसं आणि बॅगा धरून तुमची गाडी १८०० किलोच्या आसपास. तिला १०० मीटर उंच चढवायला अर्धा युनिटभर वीज लागते. उतरताना रीजनने, म्हणजे वेग आवरताना मोटरने वीज परत बॅटरीत भरण्याने, तिच्यातली बरीचशी परत मिळते, साधारण दोन तृतीयांश धरा. पुणे आणि कोल्हापूर जवळपास सारख्याच उंचीवर आहेत. कात्रज आणि खंबाटकीचा चढ पलीकडे उतरून वसूल होतो, म्हणून तुमच्या प्रवासात घाट हा मुख्य खर्च नाही. महाबळेश्वरला गेलात तर मात्र गणित बदलतं. तिथे निव्वळ चढ आठशे मीटरचा आहे, म्हणजे चार-साडेचार युनिट, बॅटरीचा आठवा हिस्सा, आणि वर पोचेपर्यंत त्यातलं काहीच परत येत नाही. जाता जाता एक सांगतो: महाबळेश्वरला हॉटेलवर रात्रभर लावून गाडी १०० टक्के करू नका. भरलेल्या बॅटरीला रीजनची वीज घेता येत नाही. पसरणी घाटाचा उतार मग नुसत्या ब्रेकवर काढावा लागतो. पंच्याऐंशीवर थांबवा.

एसीबद्दल मला जरा जोर देऊन लिहायचं आहे, कारण त्यापायी सासूबाईंना त्रास झाला. उन्हाळ्यात गाडी एकदा गार झाली की एसी साधारण एक ते दीड किलोवॅट घेतो. नेर्ल्यापासून पेठ नाका चार-पाच किलोमीटर, पन्नासच्या वेगाने पाच-सहा मिनिटं. एवढ्यात एसीने खाल्ले असते फार तर दीड दशांश युनिट, अर्धा टक्काही नाही. तुम्हाला वाचवलं ते १०० वरून ५० वर उतरलेल्या वेगाने. पुढे कधी अशी वेळ आली तर वेग कमी करा, एसी २६ वर ठेवा, पण मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला आणि मुलांना बंद काचांत उकडवू नका. एसी खरा महाग पडतो तो ट्रॅफिकमध्ये. तासाभरात गाडी वीसच किलोमीटर सरकली तर तेवढ्यासाठी एसीने एक-दीड युनिट घेतलेलं असतं. महामार्गावर एसीने तेवढीच वीज घेईपर्यंत शंभर किलोमीटर कापून होतात.

आता ते दोन टायर. तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण मी तिथे थांबलो. कंपनीकडून इलेक्ट्रिक गाडीला येणारे टायर बहुधा कमी घर्षणाचे निवडलेले असतात. दुकानात त्याच मापाचा, चांगल्या नावाचा टायर मिळतो, पण तो फिरायला जड असू शकतो. शिवाय नवा कोरा टायर झिजलेल्यापेक्षा थोडी जास्त वीज खातो. दोन टायरांनी एकूण खपात तीन-चार टक्क्यांचा फरक सहज पडतो. टायर काढून टाकायला सांगत नाही, फक्त हवा आणि अलाइनमेंट बघा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी हवेचा वेगळा आकडा दिलेला असतो, पाच माणसं घेऊन निघताना तोच ठेवा. हवा गार टायरमध्ये मोजायची, म्हणजे सकाळी निघताना जवळच्या पंपावर, शिरवळला नाही.

आणखी एक तपासणी फुकटात होते. रीजनमुळे इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक कमी वापरले जातात, आणि पावसाळ्यानंतर ते गंजून थोडे चिकटलेले राहतात. अर्धा तास चालवून थांबलात की चारही चाकांजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एकच चाक इतरांपेक्षा चांगलंच गरम लागलं तर तो ब्रेक घासतोय आणि किलोमीटर खातोय.

इथवर पहिली तक्रार. वेग, माणसं, ऊन, टायर, यांत ती पुरती बसते. बॅटरीत काही खोट आहे असं तिच्यातून निघत नाही.

दुसरी तक्रार वेगळी आहे. त्या वेळच्या खपाने दोन-तीन किलोमीटरला एक-दीड टक्का जायला हवा होता, आठ गेले. हे वेगाने किंवा एसीने होत नाही. हे झालं कारण १७ हा आकडाच खरा नव्हता.

घरातला गॅस सिलिंडर आठवा. ज्योत पहिल्या दिवशी जेवढी, जवळपास तेवढीच संपायच्या आदल्या रात्री. आतला दाब द्रव संपेपर्यंत फारसा बदलत नाही, म्हणून ज्योतीवरून गॅस किती उरला ते कळत नाही, सिलिंडर उचलून बघावा लागतो. एलएफपी सेलचं, म्हणजे बॅटरीतल्या एकेका छोट्या घटकाचं, व्होल्टेज तसंच असतं. सेल ९० टक्के भरलेला असो की ३० टक्के, व्होल्टेज ३.३ व्होल्टच्या जरा अलीकडे-पलीकडेच. त्यामुळे बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा, बीएमएस, व्होल्टेजवर भरवसा ठेवू शकत नाही. आत किती करंट आला, बाहेर किती गेला, याची ती वही ठेवते. प्रत्येक नोंदीत अगदी बारीक चूक असते, आणि ती साचत जाते. वही दुरुस्त करायला तिला दोनच ठिकाणं मिळतात: पूर्ण भरल्यावर आणि तळाशी आल्यावर, कारण तिथेच व्होल्टेज ठळकपणे बदलतं.

तुम्ही रोज ८० वर थांबवत होतात आणि गाडी क्वचितच वीसच्या खाली जाऊ देत असणार. म्हणजे बीएमएसला महिनोन् महिने ताळा करायची संधीच मिळाली नाही. नेर्ल्याजवळ सेलचं व्होल्टेज घसरायला लागलं, यंत्रणेला कळलं की वहीतले १७ खरे नाहीत, आणि तिने एका फटक्यात आकडा खाली आणला. ती वीज तुमच्या गाडीत मुळात नव्हतीच. १०० दिसताच प्लग काढून तुम्ही निघालात, पण ते वहीतले १०० होते, बहुधा पूर्ण शंभर नव्हते.

दुसरी शक्यता सेलमधल्या तफावतीची. पॅकमध्ये, म्हणजे अख्ख्या बॅटरीत, शंभरएक सेल एकामागोमाग जोडलेले असतात, आणि सगळ्यात आधी रिकामा होणारा सेल पॅकचा तळ ठरवतो. हे सेल एका पातळीवर आणायचं काम, बॅलन्सिंग, बहुधा चार्जिंगच्या अगदी शेवटी होतं आणि हळूहळू होतं. ८० वर थांबवलं की ते होत नाही, पहाटे १०० दिसताच प्लग काढला की अर्धवट राहतं.

‘माझं काय चुकलं’ असं तुम्ही विचारलंत. काही नाही. ८० वर थांबवा हा सल्ला एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीसाठी बरोबर आहे, आणि लोक तो बॅटरी न विचारता सगळ्यांना देतात. एलएफपी बॅटरीला अधूनमधून पूर्ण चार्ज लागतो, साधारण आठवड्यातून एकदा. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत याबद्दल काय लिहिलंय ते बघा आणि तेच प्रमाण माना. फक्त १०० टक्के करून गाडी उन्हात चार-चार दिवस उभी ठेवू नका, ते कुठल्याच बॅटरीला मानवत नाही.

आता करायचं काय? पुढचे दोन-तीन आठवडे घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर गाडी सलग तीन-चार वेळा पूर्ण चार्ज करा. पडद्यावर १०० दिसल्यावरही प्लग काढू नका. चार्जर आपणहून थांबेपर्यंत, शक्य असेल तर त्यापुढेही तास-दोन तास लावून ठेवा. शनिवारची रात्र त्यासाठी सोयीची. नंतर एकदा, घराच्या जवळपासच, रहदारी कमी असताना, गाडी बारा-पंधरा टक्क्यांपर्यंत खाली येऊ द्या आणि आकडा कसा उतरतो ते बघा. एकेक टक्का क्रमाने उतरला तर वही जुळली. पुन्हा उडी मारली तर सर्व्हिस सेंटर गाठायचं, पण या वेळी तयारीने.

तयारी म्हणजे तारीख, ओडोमीटरचा आकडा, उडी मारायच्या आधीचे आणि नंतरचे टक्के, त्यांचे फोटो. तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्यायला लावा, आणि शब्द तुमचेच असू द्या: ‘१७ वरून ९ वर तीन किलोमीटरच्या आत’, नुसतं ‘रेंज कमी’ नको. नुसतं ‘रेंज कमी’ लिहिलं की वेगाचं कारण सांगून गाडी परत पाठवतात, आणि ते कारण खोटंही नसतं. मग दोन गोष्टी लेखी मागा: बॅटरीची सध्याची क्षमता, म्हणजे एसओएच, आणि चार्ज कमी असताना सगळ्यात वरच्या व सगळ्यात खालच्या सेलच्या व्होल्टेजमधला फरक. दुसरा आकडा महत्त्वाचा. ७०-८० टक्के चार्ज असताना लॅपटॉप लावला तर सगळे सेल सारखेच दिसतात, ते वर सांगितलेल्या सपाट व्होल्टेजमुळे. तुमची दहा मिनिटांची तपासणी बहुधा अशाच वेळी झाली असेल. गाडी वीसच्या खाली असताना नेऊन दाखवा.

एखादा सेल कमजोर निघाला तरी घाबरू नका. अनेक गाड्यांत पॅकमधला तेवढाच भाग बदलता येतो. आपल्याकडे बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. तुमची तीन वर्षं आणि ३४ हजार झालेत. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर वॉरंटी लागू होते ते वॉरंटीच्या कागदात लिहिलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी ७० टक्के. लेखी उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा. भांडायची गरज नाही, तक्रार क्रमांक हातात असला की बोलणं बदलतं.

क्षमता तुम्हाला स्वतःलाही ढोबळ तपासता येते, आणि नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा दोघांनी मिळून हे करावं असं मला वाटतं. चार्जिंगला वेगळा मीटर असेल तर उत्तम, नाहीतर सॉकेटमध्ये लावायचा युनिट मोजणारा छोटा मीटर मिळतो, पण तो १६ अँपिअर तासन् तास सोसणारा हवा. वर सांगितलेले पूर्ण चार्ज झाल्यावर एकदा गाडी २० टक्क्यांवर आणा आणि १०० पर्यंत भरा. ३८ युनिटचे ८० टक्के म्हणजे तीस-साडेतीस. सॉकेटवरून भरताना दहा-पंधरा टक्के वीज वाटेत उष्णतेत जाते, म्हणजे मीटरवर ३४-३५ युनिट दिसायला हवीत. एकतीस-बत्तीस दिसली तरी तीन वर्षांच्या गाडीला ते रास्त आहे. बॅटरीची क्षमता सुरुवातीच्या काळात जरा जास्त घटते, मग घट मंदावते. सव्वीस-सत्तावीस दिसली तर मात्र ती नोंदही जॉब कार्डला जोडा. विकायचा विचार तोवर बाजूला ठेवा. बॅटरीबद्दल शंका आहे असं आपणच सांगत गाडी विकायला काढली तर घेणारा पडेल भावात मागेल, आणि कागदावर ‘क्षमता ९३ टक्के’ असं लिहून मिळालं तर तीच गाडी वेगळ्या भावाने जाईल.

राहिला पुढचा कोल्हापूरचा प्रवास. दोन पर्याय आहेत. ८५ च्या आसपास चालवलंत तर शंभरला १५ युनिट लागतील आणि न थांबता जेमतेम पोचाल, आठ-नऊ टक्के शिल्लक ठेवून. उडीचा प्रश्न सुटेपर्यंत हा पर्याय मी तुम्हाला देणार नाही. दुसरा, नवऱ्याला आवडतो तसा १०० च्या आत-बाहेर वेग ठेवा आणि कराडला थांबा. २७ टक्क्यांवर पोचलात तर पुढच्या ७२ किलोमीटरला ३३-३४ टक्के लागतात, वर २० टक्के हाताशी असू द्या. म्हणजे ५५ पर्यंत भरायचं. साध्या ३० किलोवॅटच्या चार्जरवर त्याला पंचवीस मिनिटं पुरतात. निघायच्या आधी तो चार्जर चालू आहे का ते ॲपवर बघा, जमलं तर तिथे फोन करा, आणि साताऱ्यात एक दुसरा हेरून ठेवा. सासूबाईंना तेवढ्यात चहा घेऊन पाय मोकळे करता येतील. अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात त्यांच्या वयाला एवढा थांबा गाडी कुठलीही असली तरी हवाच.

पूर्ण चार्ज झाल्यावर आकडा कसा उतरला, आणि मीटरवर किती युनिट दिसली, ते मला नक्की कळवा. सेलच्या व्होल्टेजचा कागद मिळाला तर त्याचा फोटोही पाठवा, आपण तो मिळून वाचू.